लेन्स महागणार म्हणे! मग आत्ता घ्यावी की थांबावं?

‘एक तारखेपासून सगळ्या लेन्स महाग होतायत, आजच बुक करा.’ फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा मेसेज वर्षातून दोन-तीनदा तरी फिरतोच. कधी तो खरा असतो. कधी दुकानदाराला महिनाअखेरचं टार्गेट गाठायचं असतं. आणि बऱ्याचदा ती अमेरिकेतली बातमी असते, जिचा आपल्याकडच्या भावाशी थेट संबंध नसतो. तरीही तो मेसेज वाचून लग्नाच्या सीझनचा अॅडव्हान्स लेन्समध्ये घालून मोकळे होणारे कमी नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो: निव्वळ भाव वाढणार म्हणून लेन्स घेऊ नये. नवी लेन्स खोक्याबाहेर आली की ती वापरलेली होते. न लागणारी लेन्स वर्षभराने विकायला गेलात, तर वाचवलेल्या आठ-दहा टक्क्यांच्या कितीतरी पट घालवून बसाल. पण लेन्स घ्यायची हे आधीच ठरलेलं असेल आणि प्रश्न फक्त ‘कधी’ एवढाच असेल, तर वेळ साधून बरेच पैसे वाचवता येतात. त्यासाठी काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने, ते पुढे लिहितो.

आधी बातमी कुठली, ते बघा

२०२५ चंच उदाहरण घेऊ. एप्रिलमध्ये अमेरिकेने जपान, थायलंड, चीन अशा देशांतून येणाऱ्या मालावर नवे आयातकर जाहीर केले. त्यापाठोपाठ लेन्स बनवणाऱ्या सिग्माने २ जूनपासून आणि निकॉनने २३ जूनपासून अमेरिकेतल्या किमती वाढवल्या. यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ धडाधड आले आणि आपल्याकडे लोकांनी दुकानांत फोन लावायला सुरुवात केली. पण तो कर अमेरिकेत शिरणाऱ्या मालावरचा. जपानहून किंवा थायलंडहून न्हावा शेव्याला किंवा मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या लेन्सला तो लागत नाही. फार तर कंपनी आपला तोटा जगभरच्या ग्राहकांत थोडा थोडा वाटून टाकते, पण ते घडायला वेळ लागतो आणि दरवेळी घडतंच असं नाही.

म्हणून बातमी आली की दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. कंपनीच्या भारतातल्या ऑफिसकडून नवी प्राइस लिस्ट आली आहे का? तिच्यात तुमचं मॉडेल आहे का? नवे भाव कुठल्या तारखेपासून? पहिल्याच प्रश्नाला ‘येणार आहे असं ऐकलंय’ हे उत्तर मिळालं, तर घाई करायचं कारण नाही. शक्य असेल तर हाच प्रश्न दोन शहरांतल्या दोन दुकानांत विचारा. एक फोन गावातल्या ओळखीच्या दुकानात आणि एक मुंबईत फोर्टातल्या बोरा बझारला. दोघांनी एकच तारीख सांगितली, तर बातमीत दम आहे असं समजायला हरकत नाही.

वाढ कुठल्या जातीची, ते ओळखा

सगळा निर्णय या एका गोष्टीवर फिरतो, त्यामुळे इथे जरा थांबू या. लेन्सचे भाव साधारण तीन कारणांनी चढतात आणि तिन्हींची चाल वेगळी असते.

पहिलं कारण चलन. आपण वापरतो त्यातल्या बहुतेक लेन्स जपानी कंपन्यांच्या आहेत, मग त्या बनोत कुठेही. जुलै २०२४ मध्ये येन एका डॉलरला १६१ च्याही पलीकडे घसरला होता आणि आपल्याला १०० येन ५२ रुपयांच्या आसपास पडत होते. एप्रिल २०२५ पर्यंत तेच १०० येन ६० रुपयांच्या घरात गेले. आता कंपनीने जपानातली किंमत एका येननेही वाढवली नाही असं धरा. २,००,००० येनांची लेन्स आधी १,०४,००० रुपयांना पडत होती, ती १,२०,००० ला पडू लागली. वरच्या १६,००० वर १८ टक्के जीएसटी धरला, तर फरक १८,८८० रुपयांचा. सीमाशुल्क आणि दुकानदाराचं कमिशन मी यात धरलेलंच नाही.

अर्थात हा फरक दुसऱ्या दिवशी दुकानात दिसत नाही. कंपन्या परकीय चलनाचे सौदे काही महिने आधी करून ठेवतात, आणि गोदामातला माल जुन्या दराने आलेला असतो. म्हणजे येन चढल्यावर तुमच्या हातात सहसा काही आठवडे, कधीकधी काही महिने असतात. उलटी बाजूही ध्यानात ठेवा. येन घसरला म्हणून छापील किंमत कोणी खाली आणत नाही. फार तर दिवाळीत ‘इन्स्टंट कॅशबॅक’ म्हणून थोडा भाग परत मिळतो. त्यात डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली. मोठी खरेदी डोक्यात असेल, तर डॉलर आणि येन या दोन्हींच्या भावावर महिन्यातून एकदा नजर टाकायची सवय लावून घ्या.

दुसरं कारण टंचाई. मार्च २०११ मध्ये जपानात भूकंप झाला, तेव्हा निकॉनच्या सेंदाईच्या कारखान्याला फटका बसला. त्याच वर्षी ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला आणि अयुथयातला निकॉनचा कारखाना पाण्याखाली गेला. जगभर माल मिळेना, भाव चढले, आणि काही महिन्यांत पुरवठा सुरळीत झाल्यावर परिस्थिती निवळली. अशा वाढीत थांबणारा जिंकतो. नवी लेन्स बाजारात येते आणि पहिले तीन-चार महिने कुणालाच मिळत नाही, तेव्हाही हेच लागू. त्या काळात सवलत तर नसतेच, वर ‘बॅग घ्यावी लागेल, फिल्टर घ्यावा लागेल’ अशी गळ घातली जाते. चक्क नाही म्हणा.

तिसरं कारण मात्र मुक्कामाला आलेलं आहे: धंदाच आकसलाय. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी १० लाख डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२४ मध्ये हा आकडा ८५ लाखांच्या आसपास होता. साधा फोटो काढणारा माणूस मोबाइलकडे गेला. उरले हौशी आणि व्यावसायिक, म्हणून कंपन्यांनी कमी नग आणि जास्त किमतीच्या वस्तू असा रस्ता धरला. संशोधनाचा आणि साच्यांचा खर्च थोड्या नगांवर वाटला जातो तेव्हा एका नगावर तो जास्तच बसतो. या कारणाने वाढलेली किंमत परत खाली येत नाही. कंपनीने जगभर एकाच वेळी प्राइस लिस्ट बदलली आणि कारण म्हणून ‘कच्चा माल, वाहतूक, उत्पादनखर्च’ असं मोघम काहीतरी दिलं, तर ती वाढ या जातीची समजा. तिथे थांबून पदरात काही पडत नाही.

कराचं काय, हेही लोक हमखास विचारतात. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ ला एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आले, तेव्हा ‘कॅमेरे पण उतरतील’ म्हणून बरेच जण थांबून राहिले. कॅमेरे आधीच १८ वर होते, उतरणार कुठून? १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात जीएसटीचे दर ठरत नाहीत, ते काम जीएसटी परिषदेचं. अर्थसंकल्पात बदलू शकतं ते सीमाशुल्क. तेव्हा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात घासाघीस जमली असेल, तर दोन-चार दिवस थांबायला हरकत नाही. त्याहून जास्त आशा ठेवू नका.

खोक्यावरचं स्टिकर वाचा

लेन्सच्या खोक्यावर आतल्या कागदांइतकंच महत्त्वाचं एक पांढरं स्टिकर असतं. आयातदार कंपनीचं नाव-पत्ता, मूळ देश, निर्मितीचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष, ग्राहकसेवेचा नंबर, आणि ‘सर्व करांसह’ कमाल किरकोळ किंमत. वैधमापनशास्त्र कायद्याखालच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनी हे बंधनकारक केलेलं आहे. आपण ते फाडून फेकतो, पण भाववाढीच्या दिवसांत हे स्टिकर म्हणजे तुमच्या हातातलं हत्यार आहे.

एकदा छापलेली एमआरपी खोडून किंवा तिच्यावर दुसरं स्टिकर डकवून वाढवता येत नाही. कमी करता येते. म्हणजे दुकानात पडलेल्या जुन्या खोक्यावर जुनी किंमत असेल, तर त्या रकमेच्या वर दुकानदार एक रुपयाही मागू शकत नाही, नवी प्राइस लिस्ट काही का म्हणेना. नवे भाव येतात ते नव्या मालाबरोबर.

पण एक पाचर आहे. लेन्स एमआरपीला विकल्या जात नाहीत. धंद्यात चालतो तो शब्द ‘एमओपी’, म्हणजे कंपनीने विक्रेत्यांना बांधून दिलेला प्रत्यक्ष विक्रीचा भाव. समजा खोक्यावर १,१५,००० छापलंय आणि दुकानात ती ९८,००० ला मिळत होती. एमओपी वाढला की तोच जुना नग दुकानदार १,०८,००० ला देऊ लागला, तर त्यात बेकायदेशीर काही नाही, एमआरपीच्या खालीच आहे तो. स्टिकर तुम्हाला फक्त वरची मर्यादा देतं. उरलेलं काम बोलण्याचं.

ते असं करा. दुकानात खोकं हातात घ्या, महिना-वर्ष बघा. माल सात-आठ महिने जुना दिसला, तर शांतपणे म्हणा, ‘शेठ, हा तर आधीच्या भावातला पीस आहे, मला आधीच्याच भावात द्या.’ ज्याचे पैसे मालात अडकलेत तो ऐकतो. छोट्या शहरांत, म्हणजे सांगली, लातूर, अकोला अशा ठिकाणी, महाग लेन्स जास्त दिवस पडून राहते. त्यामुळे असे नग मिळण्याची शक्यता तिथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त, असा माझा तरी अंदाज आहे. खोकं जुनं असलं तरी वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते, हे मात्र दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. सील फुटलेलं असेल तर लेन्स डिस्प्लेला होती का, ते विचारा आणि त्याचा भाव वेगळा मागा.

दिनदर्शिका समोर घ्या

आपल्याकडे कॅमेऱ्याच्या बाजाराला लग्नसराई चालवते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, लग्नं जवळजवळ बंद. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि त्याच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत लग्नाचे फोटो काढणारा प्रत्येक जण २४-७० आणि ७०-२०० (मिलिमीटर) या झूम लेन्सच्या मागे असतो. त्या दिवसांत दुकानदाराला तुमची गरज नसते. एप्रिल-मेच्या मुहूर्तांआधीही थोडंफार तसंच.

मग स्वस्त कधी? पितृपक्षात. नवी वस्तू घ्यायला लोक कचरतात, दुकानं ओस असतात, आणि पुढच्या नवरात्र-दसऱ्यासाठी जुना माल हलवायचा असतो. तुमचा विश्वास आड येत नसेल तर या पंधरवड्यात समोरासमोर बसून भाव ठरवा. आड येत असेल तरी भाव पितृपक्षात ठरवून ठेवायचा आणि बिल घटस्थापनेला फाडायचं, हा मार्ग मोकळाच आहे. दुसरी चांगली वेळ मार्चअखेर. निकॉन, सोनी, फुजीफिल्म यांचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं, आपल्याकडच्या वितरकांचंही तेच, आणि वर्षाचं टार्गेट थोडक्यात हुकत असेल तर शेवटच्या आठवड्यात न मागता सवलत निघते.

ऑनलाइन सेल दसरा-दिवाळीच्या आसपास आणि २६ जानेवारीला असतात. तिथे मोठा आकडा वाचून हुरळून जाऊ नका. बँकेच्या कार्डावरच्या ‘१० टक्के’ सवलतीला बहुतेक वेळा वरची मर्यादा असते. लाखाच्या लेन्सवर प्रत्यक्षात दीड-दोन टक्केच हातात येतात. सेलच्या महिनाभर आधीपासून तुमच्या मॉडेलचा भाव दर आठवड्याला वहीत टिपून ठेवा. आधी वाढवून मग उतरवलेला भाव त्यात लगेच पकडला जातो. आणि विक्रेत्याचं नाव बघा. संकेतस्थळ ओळखीचं असलं तरी माल विकणारा कोणी तिसराच असतो. तो कंपनीचा अधिकृत विक्रेता नसेल, तर वॉरंटीला अडचण येते.

वन्यजीववाल्यांचं वेळापत्रक निराळं. ताडोब्याचा कोअर भाग पावसाळ्यात बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. जुलै-ऑगस्टमध्ये लांबचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्स भाड्याच्या दुकानात धूळ खात पडलेल्या असतात, आणि नेमकं तेव्हाच ‘लेन्स विकणे आहे’ हे मेसेज ग्रुपवर जास्त येतात. १५०-६०० किंवा २००-६०० सारखी लेन्स वापरलेली घ्यायची तर तेव्हा घ्या. मे महिन्यात सफारीचं बुकिंग हातात असताना शोधायला निघालात, तर विकणारा मागेल तो भाव द्यावा लागेल.

पोटापाण्यासाठी घेणाऱ्यांचा हिशेब

छंद म्हणून घेणाऱ्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

भाववाढ टाळून वाचणारी रक्कम आणि आधी घेण्याची किंमत, या दोन गोष्टी शेजारी मांडा. १,००,००० ची लेन्स ८ टक्क्यांनी महागणार, म्हणजे वाचतात ८,०००. पण काम सहा महिन्यांनी आहे आणि पैसे वर्षाला १५ टक्के व्याजाने उचललेले आहेत, तर सहा महिन्यांचं व्याज ७,५००. फायदा संपला. शिवाय वॉरंटीचे सहा महिने लेन्स कपाटात असताना गेले. कोकणात किंवा मुंबईत तो काळ पावसाळ्याचा असेल तर बुरशीची धास्ती वेगळी. स्वतःचे पैसे असतील आणि काम पुढच्या महिन्यात असेल, तर अर्थात आजच घ्या.

भाड्याचा आकडाही यात घाला. मी पाळतो तो नियम असा: एखाद्या लेन्सचं वर्षभराचं भाडं तिच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे जायला लागलं, की ती विकत घ्यायची वेळ आली. त्याच्या खाली असेपर्यंत भाव वाढो वा न वाढो, भाड्यानेच वापरा. भाव वाढले म्हणून भाडंही लगेच वाढत नाही, कारण भाड्याने देणाऱ्याची लेन्स जुन्या भावातली असते.

जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक घालून घ्या. १,१८,००० च्या बिलात १८,००० कर असतो आणि तो तुम्ही भरायच्या करातून वळता होतो. इतकी रक्कम कुठल्याही सेलमध्ये सुटत नाही. म्हणूनच ‘बिलाशिवाय पाच हजार कमी’ हा सौदा नोंदणीकृत माणसासाठी सरळ तोट्याचा. प्राप्तिकरात कॅमेरा-लेन्सवर १५ टक्के घसारा मिळतो. वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल, तर पहिल्या वर्षी निम्माच, म्हणजे साडेसात टक्के. ही रेघ साधारण ३ ऑक्टोबरला पडते. पण म्हणून सप्टेंबरात धावपळ नको. लाखाच्या वस्तूवर फरक ७,५०० रुपयांच्या वजावटीचा, म्हणजे ३० टक्क्यांच्या टप्प्यात सुमारे सव्वादोन हजार कर, तोही पुढच्या वर्षांत भरून निघणारा. रोखीचा मोह मात्र महाग पडतो. एका दिवशी एकाच व्यक्तीला १०,००० च्या वर रोख दिलेल्या रकमेवर घसारा मिळत नाही. आणि अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीचे ठरावीक टक्के हेच उत्पन्न धरतात ती) विवरणपत्र भरणाऱ्यांना घसारा वेगळा दाखवताच येत नाही, हेही सीएला विचारून घ्या.

‘नो कॉस्ट ईएमआय’ची मेख व्याजावरच्या जीएसटीत असते. १,००,००० ची लेन्स, १२ हप्ते, बँकेचा दर १५ टक्के: सुमारे ७,७०० व्याज किमतीतून आधीच वजा करून दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १,४०० रुपये, तुमच्या स्टेटमेंटवर येतो. वर प्रोसेसिंग फी. एकरकमी पैसे देणाऱ्याला दुकानदार दोन-तीन टक्के सोडत असेल, तर तीही सवलत गेली. तरीही सीझनच्या तोंडावर हातात पैसे राहणं महत्त्वाचं असेल तर घ्यावा हप्ता, फक्त तो फुकट आहे या समजुतीत राहू नका.

भाव वाढूनच गेला असेल तर

मग दार दुसरीकडून ठोठवायचं.

आधी मॉडेलचं वय बघा. सोनीची २४-७० एफ २.८ जीएम (एफ २.८ म्हणजे अॅपर्चर, प्रकाश आत येण्याचं छिद्र, किती उघडतं ते; जीएम हे मालिकेचं नाव) २०१६ ची, तिची दुसरी आवृत्ती २०२२ मध्ये आली. सिग्माची २४-७० आर्ट २०१९ ची, दुसरी २०२४ मध्ये. निकॉनची झेड २४-७० एफ २.८ एस २०१९ ची, दुसरी २०२५ मध्ये. टॅमरॉनने २८-७५ चं तीनच वर्षांत, २०२१ मध्ये, नवं रूप आणलं. नवी आवृत्ती आली की पहिली आवृत्ती वापरलेल्या बाजारात धडाधड येते. पाच वर्षं जुनं मॉडेल महागलं म्हणून नवंकोरं घेण्यापेक्षा, ज्याची दुसरी आवृत्ती आधीच येऊन गेली आहे असं पहिलं मॉडेल बघा. लग्नाच्या अल्बममध्ये दोन आवृत्त्यांतला फरक कुणालाही सापडत नाही.

मग इतर कंपन्या. सोनीवाल्यांचं बरं आहे. सिग्मा, टॅमरॉन, व्हिल्ट्रॉक्स सगळे सोनीच्या ई माउंटसाठी (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जोडणी) लेन्स काढतात आणि त्यामुळे सोनीला स्वतःचे भाव फार ताणता येत नाहीत. निकॉनच्या झेड माउंटला टॅमरॉनच्या काही चांगल्या लेन्स मिळतात. कॅननच्या आरएफ माउंटचे फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचे, कॅमेरे वापरणाऱ्यांची मात्र कोंडी आहे. सिग्मा-टॅमरॉनला परवानगी मिळाली ती मुख्यतः लहान सेन्सरच्या लेन्ससाठी. पण त्यांच्यापाशी एक हुकमी पान आहे: १९८७ पासूनच्या, कॅननच्या जुन्या ईएफ माउंटच्या लेन्स अॅडॉप्टर (मधली जोडकडी) लावून आरएफ बॉडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर, ऑटोफोकससकट चालतात. आरशाचे जुने डीएसएलआर कॅमेरे सोडून बिनआरशाच्या मिररलेसकडे जाणाऱ्यांनी त्या बाजारात ओतल्या आहेत. निकॉनवाल्यांनी स्वतःची फोकस मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स घेताना सावध राहावं. जुन्या लेन्स झेडवर बसवणाऱ्या एफटीझेड अॅडॉप्टरवर तिचा ऑटोफोकस चालत नाही.

वापरलेली लेन्स बघायला जाताना मोबाइलचा टॉर्च पुरतो. दोन्ही झाकणं काढा, मागून प्रकाश टाका, लेन्स तिरकी धरून समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू कडेपासून आत गेलेले दिसले तर ती बुरशी. ‘साफ करून देतो’ या शब्दावर घेऊ नका. काचेचा लेप तिने खाल्ला असेल तर डाग साफ केल्यावरही राहतो. काच एकसारखी दुधाळ दिसली तर तेही तितकंच वाईट. धुळीचे चार कण मात्र दुर्लक्षून टाका. झूम पूर्ण फिरवून कुठे अडकतो का ते बघा. माउंटच्या स्क्रूंचे खाचे घासलेले असतील तर लेन्स उघडली गेली आहे. मूळ बिल मागा, त्यावरचा नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवा.

परदेशातून आणण्याचा विचार प्रत्येकाच्या मनात येतोच, कारण कुणाचा तरी भाऊ दुबईत आणि भाची सिंगापूरला असते. तिथल्या भावात तिकडचा कर सुटलेला असला तरी इकडे विमानतळावर ठरावीक मर्यादेपुढे शुल्क लागतं. ही मर्यादा बदलत असते, निघण्याआधी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. भारतातली वॉरंटी सहसा मिळत नाही. येन स्वस्त असतो तेव्हा टोकियोच्या शिंजुकुमधली वापरलेल्या मालाची दुकानं खरंच बघण्यासारखी असतात, आणि पर्यटकांना १० टक्के उपभोगकर माफ असतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून तो आधी भरून देश सोडताना परत घ्यावा लागेल. जपानातून लेन्स आणा, बॉडी आणताना विचार करा. तिथल्या बाजारासाठीच्या सोनीच्या बॉडींत मेनू फक्त जपानीत असतो. आणि इथून महाग सामान घेऊन शूटिंगला बाहेर जात असाल, तर जातानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, नाहीतर परतताना आपल्याच लेन्सवर शुल्क भरायची वेळ येते.

ग्रे मालाबद्दल, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेल्या मालाबद्दल, एवढंच: दहा-बारा टक्के स्वस्त, बिल नाही, दुरुस्तीला गेलं की अडचण. माझ्यासाठी तो पर्याय नाही.

जाता जाता मेमरी कार्डांचं. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या आहेत, कारण एआयची डेटा सेंटरं त्या उचलतायत. कार्ड आणि एसएसडी सीझनला लागणार असतील तेवढे वेळेत घेऊन ठेवा. साठा करू नका.

घेतल्यावर पहिला आठवडा

खोकं उघडतानाचा व्हिडिओ करा, ऑनलाइन घेतली असेल तर नक्कीच. वॉरंटीची नोंदणी त्याच दिवशी. काही कंपन्यांची वाढीव वॉरंटी ठरावीक दिवसांत नोंदणी केली तरच मिळते. कॅमेऱ्याचा विमा असेल तर नव्या लेन्सचा नंबर त्यात घालून घ्या.

मग एखादी सपाट विटांची भिंत गाठा. ट्रायपॉडवर कॅमेरा भिंतीला समांतर लावा, अॅपर्चर पूर्ण उघडा, फ्रेमच्या मधोमध फोकस करा आणि सेल्फ टायमरने फोटो घ्या. झूम असेल तर दोन्ही टोकांना आणि मध्ये. संगणकावर चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. पण एक कोपरा किंवा एक अख्खी बाजू पुसट आणि समोरची धारदार दिसली, तर आतला काचेचा संच किंचित तिरका बसलाय. पुन्हा एकदा कॅमेरा काटेकोर समांतर लावून खात्री करा आणि तसंच दिसलं तर बदलून मागा. ऑनलाइनवाल्यांची बदलून देण्याची मुदत बहुतेक वेळा सात ते दहा दिवसांचीच असते, म्हणून ही चाचणी ‘सीझनला बघू’ म्हणून पुढे ढकलू नका.